सहीखालचा कंस

पत्राचा सारांश : बडोद्याच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकलच्या सहयोगी प्राध्यापकांचं हे पत्र आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. वय 47, नोकरीला 21 वर्षं झाली. सहा पायांवर चालणाऱ्या यंत्रांवर त्यांनी नोकरी सांभाळून पीएच.डी. केली. 2008 पासून ते रोबोटिक्स शिकवतात, आणि कॉलेजची रोबोटिक्स लॅब त्यांनी जवळजवळ भंगारातून उभी केली. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे मेकॅनिकलच्या जागा 120 वरून 30 वर आल्या. यंदा व्यवस्थापनाने 'रोबोटिक्स आणि एआय' ही नवी शाखा कम्प्युटर विभागाखाली काढली, आणि लॅबही तिकडे जाणार आहे. त्यांना मेकॅनिकलचं विभागप्रमुखपद देऊ केलंय, पण ते म्हणजे मुख्यतः एनबीए या मानांकन मंडळाच्या फायली. पुण्याची एक ऑटोमेशन कंपनी जवळजवळ दुप्पट पगारावर बोलावते आहे. पत्नी 'जा' म्हणते. आई 78 वर्षांच्या आहेत आणि दांडिया बाजारातलं घर सोडायला तयार नाहीत. मुलगा बारावीत आहे. 2018 नंतर एकही शोधनिबंध लिहून झालेला नाही. वर्गात मुलं मोबाइलवर नाचणारे रोबो दाखवतात आणि विचारतात, 'सर, हे मॅट्रिक्सचं गणित कशाला? एआय करतं की आता सगळं.' त्यांचा प्रश्न असा : 'मी वीस वर्षं चुकीच्या गाडीत बसून होतो का? ना मोठा संशोधक झालो, ना कंपनीत नाव काढलं. आता तरी उतरावं का?'

सर,

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहात. पण मीही 31 वर्षं एका पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवलं आहे, आणि आपल्या पेशात सगळेच एकमेकांना सर-मॅडम म्हणतात. तेव्हा मीही तुम्हाला सरच म्हणते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न समजून घ्यायला, दुसऱ्यांदा तुम्ही कशाबद्दल किती लिहिलंय ते बघायला. पुण्याच्या नोकरीवर चार ओळी आहेत, विभागप्रमुखपदावर तीन. आणि 2014 साली तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वायपरच्या मोटरी आणि सायकलचे सुटे भाग जोडून केलेल्या सहा पायांच्या यंत्रावर दीड पान. त्याचा मधला पाय फरशीवर घसरायचा, मग कुणीतरी जुन्या चपलेचं रबर कापून तळव्याला चिकटवलं, आणि ते यंत्र पोर्चच्या दोन पायऱ्या चढलं तेव्हा शिपाईकाकांनीही टाळ्या वाजवल्या. हे सगळं तुम्हाला तारखेसकट आठवतंय. वीस वर्षं वाया गेली असं मानणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे, असं मला काही वाटेना.

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट दिसली. पत्र संपल्यावर, सहीच्या खाली, तुम्ही कंसात लिहिलंय : 'कंपनी माझ्याच 2010 च्या बॅचच्या विद्यार्थ्याची आहे. तो म्हणतो, कोड लिहिणारी मुलं हवी तेवढी मिळतात, पण रोबोचा हात आणि ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) नीट डिझाइन करणारा माणूस शोधून सापडत नाही.' हे वाक्य सहीखाली का गेलं असेल, त्याबद्दल पुढे बोलते. पण चुकीच्या गाडीचा प्रश्न तुम्ही पानभर मांडलात आणि त्याचं निम्मं उत्तर तुमच्याच हाताने कंसात लिहून ठेवलंत, एवढं आधी नोंदवते.

आता ती गाडी. रोबोटिक्स मेकॅनिकलचं होतं, ते आता कम्प्युटरवाल्यांनी नेलं, असं तुम्ही धरून चालला आहात. इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण या घडीला तो तुम्ही विसरलात असं वाटतं. रोबोच्या हाताचा प्रत्येक सांधा मांडणाऱ्या ज्या चार पॅरामीटरांना तुमची मुलं कंटाळतात, ते 1955 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या देनाव्हित आणि हार्टेनबर्ग यांनी मांडले. त्यांच्यापुढे रोबो नव्हता. एकमेकांना जोडलेले दांडे आणि त्यांचे सांधे कागदावर चोख कसे लिहायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला तो त्यानंतर सहा वर्षांनी, 1961 साली. तुमच्या प्रबंधाचे पूर्वज तर त्याहून जुने. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाचं नुसत्या दांड्या-सांध्यांवर पावलं टाकणारं यंत्र 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं होतं. आणि 2023 साली चंद्रावर उतरलेला आपला प्रज्ञान घ्या. वजन 26 किलो, चाकं सहा, आणि खडकावर एक चाक चढलं तरी बाकीची जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून त्याला जी रॉकर-बोगी रचना आहे, तिचा जीव लिंकेजमध्ये, म्हणजे दांड्या-सांध्यांच्या जोडणीत आहे. ते चाक टेकवून ठेवायचं काम कुठल्याही प्रोग्रॅमवर सोपवलेलं नाही.

मुलांच्या प्रश्नाला मात्र इतिहासाने उत्तर देऊ नका. त्यांना तो टाळल्यासारखा वाटेल, आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे. त्यांच्या हातात पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली द्या आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरून उभं राहायला सांगा. मिनिटाभरात हात थरथरायला लागतो. कोपर दुमडलं की लगेच बरं वाटतं. बाटली तीच, वजन तेच, फक्त खांद्यापासूनचं अंतर कमी झालं. 60 सेंटिमीटरवर एक किलो म्हणजे खांद्याच्या सांध्यावर जवळजवळ 6 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, शिवाय हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. मग फळ्यावर दाखवा : त्याच जाडीची पट्टी दुप्पट लांब केली तर तिचं वजन दुप्पट होतं, वजनाचा मध्यही दुप्पट लांब जातो, म्हणजे तिला नुसतं आडवं धरून ठेवायला चौपट टॉर्क लागतो. दर वर्षी प्रोजेक्टच्या प्रदर्शनात निम्म्या मुलांचे रोबो हात पसरताना गचकतात ते याच चौपटीमुळे. एआय सांगेल हात कुठे न्यायचा. तिथे पोचल्यावर मोटर तग धरेल का, हे आधी कुणीतरी काढून ठेवावं लागतं.

आणि तो नाचणारा रोबो. असे रोबो बहुतेक वेळा प्रत्यक्ष जमिनीवर पाऊल टाकण्याआधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कम्प्युटरमधल्या नकली जगात, लाखो वेळा पडून-उठून शिकलेले असतात. सिम्युलेटरच्या पोटात काय असतं? न्यूटन आणि ऑयलर यांची तीच गतीची समीकरणं, जी तुम्ही शिकवता आणि मुलं जांभया देतात. यातला तुमच्या खास कामाचा भाग पुढे आहे. सिम्युलेटरमध्ये छान तोल सांभाळणारा रोबो प्रत्यक्षात आणला की धडपडतो. कारण खऱ्या सांध्यात घर्षण असतं, गिअरच्या दातांमध्ये ढिलाई असते, पट्टी वाकते, बुश झिजतो. कागद आणि धातू यांच्यात ही फट आहे, आणि जगभरचे रोबोटिक्सवाले आज तिच्याशी झुंजत आहेत. ती नुसत्या कोडने बुजत नाही. चपलेचं रबर कापून तळव्याला लावलं तेव्हा तुमची मुलं त्याच फटीत हात घालत होती.

म्हणून माझं मत असं, की तुमचा विषय कुणी नेलेला नाही. त्याच्या एका टोकाला प्रचंड गर्दी झाली आहे, आणि तुम्ही ज्या टोकाला उभे आहात ते ओस पडलंय. ओस पडल्यामुळे तिथे एकटेपणा वाटतो. तुमच्या विद्यार्थ्याला तिथलाच माणूस सापडत नाहीये.

पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पुढचं गाळणार नाही. 2018 पासून निबंध नाही, याचं मला तेवढं वाटलं नाही. 2018 पासून तुम्ही नवीन काय शिकलात, याबद्दल सहा पानी पत्रात एक शब्द नाही, याचं वाटलं. पायथनचं नाव तुम्ही एकदाच घेतलंत आणि तेही तक्रार म्हणून. आज रोबोटिक्स शिकवणाऱ्याला रॉस (रोबो चालवायचं सॉफ्टवेअर) वापरता येत नसेल, एखाद्या सिम्युलेटरमध्ये आपलंच यंत्र उभं करून दाखवता येत नसेल, तर मुलं त्याच्या गणिताकडेही जुनं म्हणून बघतात, आणि त्यात सगळी चूक मुलांची नसते. हे शिकायला 47 हे वय काहीच नाही. रॉस फुकट आहे. आयआयटी दिल्लीत तयार झालेलं रोबोअ‍ॅनलायझर फुकट आहे, आणि त्यात तुमचे ते चार पॅरामीटर पडद्यावर फिरताना दिसतात. मुलांना ते पहिल्या दिवशी दाखवा, मॅट्रिक्स दुसऱ्या दिवशी. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाने तर तुमच्यासारख्या कॉलेजांमध्ये लॅब उभ्या करायला आणि शिक्षकांना तयार करायला वर्षानुवर्षं मदत केली आहे. यातलं काही तुम्हाला ठाऊक नसेल असं नाही. पण लॅब जाणार या दुःखात तिकडे पाठ फिरवली गेली असावी. कम्प्युटर विभागात जो कुणी तरुण शिक्षक नवी शाखा सांभाळणार आहे, त्याला जाऊन सांगा की मी तुझ्या प्रोग्रॅमिंगच्या तासाला मागच्या बाकावर बसणार आहे, तू माझ्या कायनेमॅटिक्सच्या तासाला बस. तो हो म्हणाला तर लॅबचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

लॅबबद्दल तुम्ही 'माझी लॅब' असं सात वेळा लिहिलंय. मी मोजलं, आणि मला ते समजतं. भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणलेल्या मोटरीवर माणसाचा जीव जडतो. पण खोली कुठल्या विभागाच्या नावावर आहे यासाठी भांडू नका. ते भांडण तुम्ही हराल आणि कडवट व्हाल. दोन गोष्टींसाठी मात्र हट्ट धरा आणि त्या लेखी घ्या. एक, नव्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मेकॅनिझम्सचा विषय सक्तीचा, प्रॅक्टिकलसकट. दोन, लॅबचे संयुक्त प्रभारी म्हणून तुमचं नाव. व्यवस्थापनाला हे सुरक्षिततेच्या भाषेत सांगा, लवकर पटेल. फिरणाऱ्या रोबोच्या कक्षेत मुलांनी बोटं घातली तर काय होतं हे ज्याला कळतं, असं एक तरी माणूस त्या खोलीत लागतंच. खोली गेली तरी वेळापत्रक तुमच्याकडे राहिलं, तर मुलं तुमच्याकडे राहतील.

विभागप्रमुखपदाबद्दल मला फार लिहायचं नाही. मी सहा वर्षं होते. खरेदीची सही हातात आली की वर्कशॉप सुधारू, असं वाटून ते घेतलं. सहा वर्षांत दोन यंत्रं आली आणि लेथवर मी एकदाही उभी राहिले नाही. एके दिवशी मुलगी म्हणाली, 'आई, तुझ्या हातांना आता तो कूलंटचा वास येत नाही.' त्या रात्री मला झोप लागली नाही. काही माणसांना ते काम उत्तम जमतं आणि संस्थेला त्यांची गरजही असते. पण तुमच्या पत्रात त्याबद्दल ज्या तीन ओळी आहेत त्यांत 'नाइलाज' हा शब्द दोनदा आलाय. घ्यायचंच झालं तर दोन वर्षांची मुदत ठरवून घ्या, फायलींसाठी एक पूर्णवेळ कारकून मागा, आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस लॅबसाठी मोकळा ठेवा. यातलं काही मिळणार नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

संशोधनाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं वाटतं. 'मोठा संशोधक झालो नाही' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर आयआयटीतला एखादा वर्गमित्र आहे. त्याच्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत, निधी आहे, त्याचा शिकवण्याचा भार तुमच्या निम्मा असेल. त्याच्या पट्टीने स्वतःला मोजलंत तर तुम्ही नेहमी तोकडेच भराल. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही, ते कधी मोजलंय का? मकरपुऱ्याची जीआयडीसी, ती औद्योगिक वसाहत, तुमच्यापासून स्कूटरवर किती मिनिटं?

मी प्रथम वर्षाच्या मुलांना दर सत्रात तिथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये न्यायची. पाच-सात माणसांचं शेड, दोन पॉवर प्रेस. कामगार हाताने पत्रा डायखाली सरकवतो, हात मागे घेतो, पायाने पेडल दाबतो. दिवसातून हजारो वेळा. एखाद्या वेळी हात मागे घ्यायला अर्धा सेकंद उशीर होतो. त्या शेडमध्ये बोट गमावलेला एक तरी माणूस भेटायचाच, आणि मुलं त्याच्या हाताकडे बघून गप्प व्हायची. मोठ्या कारखान्यात तिथे रोबो बसवतात. या मालकाला तो परवडत नाही, आणि परवडला तरी दुरुस्तीला माणूस कुठून आणणार? दोन अक्षांचा, हवेच्या दाबावर चालणारा, कोपऱ्यावरच्या फिटरला उघडून दुरुस्त करता येईल असा पत्रा सरकवणारा हात कसा करायचा, हा संशोधनाचा प्रश्न आहे. नुसता प्रोजेक्टचा विषय समजू नका त्याला. त्यात गतीचं गणित आहे, झीज आहे, खर्च आहे, माणूस आहे. आयआयटीतल्या तुमच्या मित्राला हा प्रश्न दिसायला विमान पकडावं लागेल.

लहान कॉलेजातून असं काही होत नाही, असं म्हणाल तर केरळकडे बघा. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट हा रोबो 2018 साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. तो करणारे तरुण मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले मित्र होते. माणसं गटारात उतरून मरतात, हे त्यांनी प्रश्न म्हणून घेतलं. आणि आपलं हे गाव तर अशा विचारावरच उभं राहिलं. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं, तेव्हा रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या हे विषय गावाच्या हाताला काय येतं आणि काय यायला हवं ते बघून घेतले होते. 1949 साली विद्यापीठ झालं, त्यातली तंत्रज्ञान विद्याशाखा त्याच कलाभवनातून वाढली. माझे आजोबा तिथे शिकले. दांडिया बाजारात तुमच्या शेजारीपाजारी विचाराल तर दर दोन घरांमागे एखादे असे आजोबा निघतील.

इतका मोठा प्रश्न एकदम झेपणार नाही असं वाटत असेल, तर एक छोटा सांगते. मी अजून शिकवत असते तर स्वतःच घेतला असता. मुलं वापरतात त्या स्वस्त गिअर मोटरी वीस घ्या. प्रत्येकीच्या शाफ्टला अर्ध्या मीटरची पट्टी लावा आणि डायल गेजने बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई, मोजा. सांध्यात एका अंशाची ढिलाई असेल तर अर्ध्या मीटरच्या टोकाला जवळजवळ 9 मिलिमीटरची चूक येते. हा आकडा बघून मुलांचे डोळे विस्फारतील. मग मोटरी शंभर तास भार लावून चालवा आणि पुन्हा मोजा. मग तीच ढिलाई सिम्युलेटरमध्ये घाला आणि त्याचं वागणं खऱ्या यंत्राशी किती जुळतं ते बघा. खर्च काही हजारांचा. अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी, एक सत्र. यातून एक प्रामाणिक निबंध नक्की निघतो, आणि देशभरातल्या शेकडो कॉलेजांना वापरता येईल असा तक्ताही. 2018 नंतरची कोंडी एवढ्याने फुटू शकते.

आता पुणं. कंपनीतलं काम म्हणजेच 'खरं' रोबोटिक्स, असं तुमच्या पत्रात ध्वनित होतं. ऑटोमेशन कंपन्यांत गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचे दिवस मला माहीत आहेत. ग्राहकाचा जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा त्याचा सुटा भाग, त्याला धरणारा ग्रिपर, फिक्स्चर, एका जॉबला चार सेकंद मिळतात की पाच यावरून होणारी वादावादी. मग चाकणला नाही तर साणंदला पंधरा-पंधरा दिवस मुक्काम, आणि लाइन सुरू होईपर्यंत रात्रपाळी. चांगलं, कसदार काम आहे. त्यात दर महिन्याला काहीतरी चालू करून दाखवल्याचं समाधान आहे, जे कॉलेजात वर्षातून एकदा मिळतं. पण तिथे 'हे असं का होतं' म्हणून तीन महिने एका सांध्यामागे लागायची सवलत क्वचितच मिळते. तुम्हाला यातलं कुठलं समाधान हवं आहे, ते मला पत्रातून पूर्ण कळलं नाही. दीड पान कशावर आहे त्यावरून अंदाज बांधला आहे, तो चुकूही शकतो.

तुमच्या प्रबंधातलीच एक गोष्ट आठवा. सहा पायांचं यंत्र चालतं तेव्हा तीन पाय जमिनीवर असतात, वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत असतो, आणि उचललेले तीन टेकल्याशिवाय आधीचे तीन उठत नाहीत. तुम्ही एकदम सहाही पाय उचलायला निघाला आहात. या उन्हाळी सुट्टीत सहा-आठ आठवडे पुण्याला जा. पगार ठरवा किंवा मानधन, पण काम नेमकं ठरवा, एका ग्रिपरचं किंवा एका हाताचं. तोवर मुलाची परीक्षा झालेली असेल. परत आल्यावर वर्षभर बिनपगारी रजा घेऊन जावं, की आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून काम करावं, की इथेच राहून त्यांचे प्रश्न अंतिम वर्षाच्या मुलांना द्यावेत, हे तुम्हाला आजच्यापेक्षा खूप स्पष्ट कळेल. रजेच्या काळात पदावरचा हक्क राहील का आणि सल्ल्याच्या मानधनातला कॉलेजचा वाटा किती, हे दोन्ही तोंडी ठेवू नका.

अशी पत्रं इंदूर-ग्वाल्हेरकडूनही येतात, त्या वाचकांसाठीही पैशांचं एक इथेच सांगते. ग्रॅच्युइटी आपल्याला लागू नाही असं खासगी कॉलेजांतले कितीतरी शिक्षक अजून समजतात. 2009 च्या दुरुस्तीने ती शिक्षकांनाही लागू झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा मासिक आकडा घ्या, 26 ने भागा, 15 ने गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. 90 हजार रुपये आणि 21 वर्षं धरली तर साधारण 10 लाख 90 हजार होतात. राजीनाम्याच्या घाईत यावर पाणी सोडलेले लोक मी बघितले आहेत. आणि ज्यांची नेमणूक कंत्राटी आहे, दर 11 महिन्यांनी कागद बदलतो, त्यांनी माझा 'थांबा, आधी चाखून बघा' हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. त्यांच्या पायाखाली तीन पायांचा त्रिकोण मुळात नाहीच, आणि बाहेर बरी संधी असेल तर ती घेण्यात त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

घरच्यांबद्दल थोडंच. पत्नी 'जा' म्हणते, असं तुम्ही लिहिलंत. नेमकं काय म्हणाली, ते विचारलंत का? 'पैसे जास्त मिळतील, जा' आणि 'घरी येऊन रोज असे गप्प बसता, त्यापेक्षा जा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मला दुसरं ऐकू येतंय, पण घरात मी नाही, तुम्ही आहात. आईंना दांडिया बाजारातून हलवायचा विचार मनातून काढून टाका. 78 व्या वर्षी रोजचा भाजीवाला आणि समोरच्या ओट्यावरची मैत्रीण हेच औषध असतं. पुणं-बडोदा रात्रभराचा प्रवास आहे. वर्षभरासाठी तो निभतो, दहा वर्षांसाठी नाही.

शेवटी ते सहीखालचं वाक्य. ते तिथे गेलं, कारण विद्यार्थ्याच्या हाताखाली काम करायचं हे तुम्हाला लागलं आहे. तसं तुम्ही कुठे लिहिलं नाहीत, पण बाकी सगळं शाईने ठळक आणि एवढंच बारीक अक्षरात आहे. लागणं साहजिक आहे. ज्याच्या सबमिशनवर तुम्ही लाल शाईने 'पुन्हा करा' लिहिलंत, त्याने तुमचा पगार ठरवायचा. पण त्याच्या बाजूने एकदा बघा. पुण्यात त्याला माणसं मिळाली नसती का? शोधायला एजन्सी आहेत, जाहिराती आहेत. पंधरा वर्षांनी त्याला हात डिझाइन करणारा माणूस म्हणून बडोद्याचे सर आठवले. तुम्ही विचारताय की वीस वर्षांत काय झालं. त्यातलं बरंचसं त्याच्या कंपनीच्या शॉप फ्लोअरवर उभं असेल, आणि तुम्ही ते अजून बघितलेलंसुद्धा नाही.

त्याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही, महिना झाला, असं लिहिलंत. या रविवारी फोन करा. पगार, पद, कधी रुजू होणार, यातलं काही बोलू नका. त्याला एवढंच विचारा, की तुझ्या मशीनचा हात पूर्ण पसरल्यावर टोकाला किती मिलिमीटर हलतो, आणि कुठल्या सांध्यामुळे. मग तो सांगेल ते लिहून घ्यायला हाताशी कागद ठेवा.